सात पाण्याचा कंद

फुलीबाईच्या तीन टोपल्या मी एका ढिगात ओतल्या, एवढीच माझी शास्त्रीय कामगिरी. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो मी. तोरणमाळच्या पाड्यावर रानकंद खणणाऱ्या फुलीबाईकडे त्या कंदांचं वर्गीकरण करायला गेलो होतो. वेल, पान, फूल बघून वहीत लिहिलं, सगळे डायोस्कोरिया, एकाच घराण्यातले. मग वेगळ्या टोपल्या कशाला?

फुलीबाईच्या लेखी कंदाचं घराणं पाण्यावर ठरायचं. एका पाण्याचा कंद एकदा उकडला की खावा. तीन पाण्याचा, तीनदा पाणी बदलत उकडावा. सात पाण्याचा चिरून, राख चोळून रात्रभर वाहत्या ओहोळात ठेवावा, मग सात पाण्यांत उकडावा, नाहीतर तो माणसाला आडवा करतो. ही विद्या सासूची. नवरा गेल्यावर फुलीबाईनं या विद्येवरच दोन लेकी मोठ्या केल्या.

दुपारी तिचा दीर रायसिंग आला, ढिगातले चार कंद एका पाण्याचे समजून उचलले, तसेच उकडून खाल्ले आणि घटकाभरात अंगणात लोळत ओकू लागला.

"डाकीण! दिराला खाई ऱ्हायनी!" कुणीतरी ओरडलं. एकटी विधवा, त्यात रानाची जाणती, तेवढं पुरलं. दहाबारा जण काठ्या घेऊन धावले. पहिली काठी तिच्या खांद्यावर बसली, दुसरी कपाळावर. कपाळाचं रक्त ओघळून एक डोळा मिटला. एकानं केस धरून तिला फरफटत नेलं.

"थांबा, चूक माझी आहे! हे सगळे एकाच घराण्यातले..." मी व्याख्यान सुरू केलं. उत्तरादाखल अशी थप्पड बसली की चष्मा कोंबड्यांच्या खुराड्यात गेला.

तेवढ्यात फुलीबाईनं केस धरणाऱ्याच्या हाताचा कडकडून चावा घेतला आणि सुटून ढिगावर झेपावली. एका डोळ्यानंच सात पाण्याचा कंद निवडला, विळ्यानं काप काढला, माझी मानगूट धरून तो तोंडात कोंबला आणि मी गिळेपर्यंत जबडा दाबून ठेवला.

"बघा आता," ती म्हणाली.

फार बघावं लागलं नाही. घशात निखारे पडले, आतडी पिळली आणि मी रायसिंगच्या शेजारी आडवा झालो. आमची ओकण्याची जुगलबंदी रंगली.

"याच्यावर बी मंतर टाकला का मी? तुमच्यासमोर कंदच खाल्ला ना यानं?" तिनं विचारलं.

काठ्या एकेक करून खाली आल्या. चावलेला हात चोळत तो माणूस रायसिंगसाठी पाणी आणायला गेला.

संध्याकाळी बसता आलं, तेव्हा मी खरखरत्या आवाजात म्हणालो, "फुलीबाई, तो काप तूच खाऊन दाखवायचा होतास ना!"

कपाळावरचं वाळलेलं रक्त खरवडत ती म्हणाली, "चूक तुन्ही, तर तोंड बी तुन्हंच."