देवाच्या पायाजवळचा दगड

नाक्सोस बेटावरच्या खाणीत दगडाचा देव उताणा पडून होता. दाढीच्या जागी नुसता उंचवटा, हातांच्या जागी दोन खुंट आणि पाठ अजून डोंगराला चिकटलेली. त्याच्या अंगावर टाकी मारता मारता देक्सियोसचे केस पांढरे झाले.

"देक्सियोसबाबा," पोरं चिडवायची, "आधी देव उठणार की तुम्ही निजणार?"

"तो उठल्याशिवाय मी निजत नाही. तुमच्या जिभा निजल्या तरी पुष्कळ!"

घरी मात्र हसू उंबऱ्याबाहेर राहायचं. त्याचा तरणाताठा मुलगा अल्कोन याच देवाच्या खांद्याशी ओंडका घसरून चिरडला होता. ज्या खडकापाशी जीव गेला त्याच खडकाची शिळा मेलेल्याच्या उशाला हवी, नाहीतर त्याला निवारा नाही, ही खाणकऱ्यांची रीत. पण हा खडक नवसाचा. बेटावरच्या बड्या घरांनी तो द्राक्षांच्या देवाला, डायोनिससला, बोलला होता. नवस फिटेपर्यंत त्यातली कपचीसुद्धा देवाची. म्हणून अल्कोनच्या डोक्याशी अजून नुसती धोंड्यांची रास.

"देव उभा राहिला की पायाजवळचा तुकडा तुझा," मुकादम तेलेसोननं शब्द दिला होता.

"कधी उभा राहणार?" देक्सियोसची बायको फान्तो भाकरी मोडता मोडता रोज विचारायची. "पोरगं उघड्यावर पडलंय तिकडे. तुमचा देव बरा झोपलाय!"

त्या वसंतात तेलेसोन घाईला आला. "बडी घरं ओरडतायत. पाठ हातानं सोडवायची तर अजून दोन-तीन वर्षं जातील. लाकडी पाचरी ठोकू, पाणी ओतू. फुगल्या की देव आपोआप सुटेल."

अखंड कड्याला भिजल्या पाचरी चालतात. घडवलेल्या अंगाला कधी नाही. पातळ झालेला दगड कुठून फाटेल, त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. हे खाणीतल्या शेंबड्या पोराला कळत होतं. माना देक्सियोसकडे वळल्या. खाणीत त्याचा शब्द शेवटचा.

देक्सियोसला टेकडीवरची अल्कोनच्या उशाची रास दिसत होती. दोन-तीन वर्षं! तेवढं आपलं आयुष्य उरलंय का?

"भिजवा," तो म्हणाला.

दुपारी वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. मानेपासून छातीवरून बरगडीपर्यंत चीर गेली. तेलेसोन मटकन खाली बसला, आणि उठला तो बोट रोखूनच. "म्हातारा म्हणाला भिजवा! ऐकलंत ना सगळ्यांनी?"

"ऐकलं," पोरं म्हणाली. खोटं कुठे होतं?

दुसऱ्या दिवशी देक्सियोस तेलेसोनच्या दारात उभा राहिला. "मुकादम, देव तर गेला. तो पायाजवळचा तुकडा तेवढा..."

"नवस फिटला का?"

"आता कसा फिटणार?"

"मग दगड देवाचा."

"कुठवर?"

"कायमचा. आणि हे तुझ्याच तोंडानं झालंय, देक्सियोस."

घरी फान्तोनं ऐकलं आणि कोपऱ्यातला हातोडा उचलला. "चला."

"अगं, वेड लागलं का? देवाचा आहे तो. कोप होईल."

"होऊ दे की. आता न्यायला आपल्या घरात कोण उरलंय?"

भर उन्हात ती खाण चढली, तो मागोमाग. जेवणाची वेळ, माणसं सावलीतून नुसती बघत राहिली. देवाच्या पायापाशी तिनं हातोडा उगारला तेव्हा देक्सियोसनं डोळे मिटून घेतले. उभ्या जन्मात या दगडाला पाय लागला तरी त्यानं कानाला हात लावला होता, आणि पोराला उघड्यावर ठेवलं होतं ते याच भीतीपायी.

घाव बसला. तीनचार घावांत तुकडा निघाला.

त्यानं डोळे उघडले. आभाळ निळंशार. खाली समुद्रात कुणाचीतरी होडी चालली होती. सावलीतल्या माणसानं ऑलिव्हची बी थुंकली.

"बघा," फान्तो धापा टाकत म्हणाली, "काही झालं नाही."

देक्सियोस देवाच्या नुसत्या उंचवट्याच्या तोंडाकडे बघत राहिला. एक गडगडाट, निदान थोडा वारा, काहीतरी यावं म्हणून त्यानं बराच वेळ वाट पाहिली. मग तुकडा खांद्यावर घेतला. तो एकट्याला सहज पेलण्याइतका हलका होता.