मागची गाडी

अलीमियाँच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या चाकावरच पोट भरलं. बाप दापोलीकडे बैलगाडीतून चिरे वाहायचा. अलीमियाँ ओमानला आला आणि सीबहून आतल्या गावांना सिमेंट पोचवणारा ट्रक चालवू लागला. बैल गेले, पण डोक्यातली गाडीवानी काही गेली नाही.

गाडीवानांचा एक रिवाज होता. गाड्या ओढ्याशी आल्या की जाणत्यानं आपली गाडी आधी पाण्यात घालायची, पलीकडे उतरून पाणी जोखायचं आणि मग हात करून मागच्याला बोलवायचं. मागच्यानं त्याच चाकोरीतून यायचं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. हात केल्याशिवाय बैल हाकायचे नाहीत, आणि हात केल्यावर थांबायचं नाही.

मुनीर हा अलीमियाँच्या बायकोचा, सफियाचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, तेव्हा सफियानंच त्याला वाढवलं. तिच्यासाठी अलीमियाँनं अर्बाबाला, म्हणजे तिथल्या मालकाला, गळ घातली, मुनीरला ओमानला आणलं, ट्रक शिकवला आणि रिवाजही शिकवला.

"दुलाभाई, ट्रकाला शेपटी पन लावू काय?" मुनीर चेष्टा करायचा. पण हात केल्याशिवाय वादीत चाक घालत नसे. वादी म्हणजे डोंगरातून येणारी नदी. वर्षभर ठणठणीत कोरडी, आणि रस्ता तिच्या पोटातूनच जातो.

सत्याण्णवच्या मार्चात दोघे दोन ट्रक भरून निघाले. वाटेतल्या वादीत घोटाभर पाणी होतं. ओमानी माणसं गाड्या उभ्या करून काठावर बसली होती. एका म्हाताऱ्यानं डोंगराकडे बोट दाखवून थांबायला सांगितलं. अलीमियाँनं वर पाहिलं. आभाळ लख्ख होतं. कोकणात पाऊस डोक्यावर पडतो, मग ओढा फुगतो. अंगावर थेंब नसताना पूर येतो हे कोकणी माणसाला पटायचं कसं? इतकी वर्षं इथलं पाणी पिऊन तरी अक्कल यायला हवी होती. नाही आली.

तो पलीकडे गेला, उतरला, पाणी जोखलं आणि हात केला. मुनीर निघाला. तो मध्यावर आला आणि वळणावरून चिखल, दगड, अख्खी झाडं घेऊन लोंढा आला. अलीमियाँ दोन्ही हातांनी खुणा करत त्याला मागे जा, मागे जा म्हणून ओरडत राहिला. ट्रक आडवा झाला. मुनीर टपावर चढला आणि आता काय करू असं विचारल्यासारखा दुलाभाईकडे बघत राहिला. मग ट्रक उलटला.

मुनीर सापडला तो फार खाली, खजुरीच्या बागेत. सीबलाच त्याला माती दिली. आलेले लोक तकदीर म्हणाले. सफियानं नवऱ्याला एवढंच विचारलं, "तुमी बोलावलाव त्याला?"

"होय," अलीमियाँ म्हणाला. बिचाऱ्याला खोटं सुचलं नाही.

ती त्याला कधी टाकून बोलली नाही. त्याचं ताट वेळेवर वाढत राहिली. त्याला मात्र तेच जास्त जाचायचं.

पुढे बऱ्याच वर्षांनी सीबच्या बाजारातून परतताना दोघांना मोठा रस्ता ओलांडायचा होता. सवयीनं तो आधी पलीकडे गेला आणि त्यानं हात केला. रस्ता मोकळा होता. सफिया जागची हलली नाही. त्यानं पुन्हा हात केला, हाक मारली. ती नुसती बघत राहिली. शेवटी तो तिला न्यायला परत आला. तो अलीकडे पोचला, तेव्हा ती एकटीच रस्ता ओलांडू लागली.