एका चष्म्याला किती पाणी

आमच्या ह्यांचा चष्मा म्हणजे घरातला देवच. सकाळी उठले की आधी त्याला अभिषेक. बेसिनचा नळ सोडायचा, धूळ वाहून जाऊ द्यायची, मग बोटावर साबणाची वडी फिरवून काचा दोन्ही बाजूंनी हळूच चोळायच्या, पुन्हा पाणी, आणि शेवटी जुन्या मऊ फडक्यानं टिपायचं. पुसायचं नाही हं, टिपायचं! मी अंथरुणात पडल्या पडल्या ओरडायची, "अहो, एका चष्म्याला किती पाणी? आता उटणंही लावा!" ते फडकं झटकून खिळ्याला अडकवायचे.

माझी असली थेरं नव्हती. "माझा चष्मा बघा, कधी धुवावा लागत नाही," असं मी चारचौघांत सांगायची. सकाळी उशाशी हात घातला की चष्मा तिथं असायचा, घातला की लख्ख दिसायचं. जन्मभर शाळेत पोरांना शिस्त लावली, तोरा जातोय थोडाच!

ते गेले आणि महिनाभरात माझी नजर धुरकट झाली. पेपर वाचताना दर दोन ओळींनी मी चष्मा पदराला पुसायची, तरी अक्षरं फुटायची. मंडईत मी जून गवार वेचून घेतली. ओळखीची भाजीवाली म्हणाली, "आजी, घरी म्हैस पाळली का?" एरवी मी तिला सुनावलं असतं. त्या दिवशी मुकाट्यानं घरी आले आणि ओट्याशी उभी राहून रडले.

गवारीसाठी कोण रडतंय! मुलगा खराडीला राहतो. त्यानं तेराव्यापासून धोशा लावला होता, "आई, एकटी नको राहूस, आमच्याकडे ये." मुलगा चांगला, सूनही चांगली, पण मला माझं घर सोडायचं नव्हतं. मी ठणकावलं होतं, "डोळे आणि गुडघे शाबूत आहेत तोवर मी इथून हलणार नाही." आता डोळ्यांनीच दगा दिला होता. मोतीबिंदूच असणार. त्याला कळलं की तो सामान बांधायला हजर.

कुणाला न सांगता आमच्या चष्मेवाल्यांकडे गेले. म्हातारा माणूस, त्यांच्या वडिलांपासून आमचे चष्मे तिथलेच. त्यांनी डोळे तपासले. "बाई, नंबर तोच आहे. मोतीबिंदूही दिसत नाही."

"मग दिसत का नाही मला?"

त्यांनी चष्मा उजेडात धरला. "दिसणार कसं? याला शेवटची आंघोळ कधी घातली होती?"

आत जाऊन त्यांनी तो धुऊन आणला. मी घातला. समोरच्या दुकानाची पाटी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचता आली.

"कोरड्या पदरानं पुसू नका, धूळ काचेवर घासली जाते," ते म्हणाले. "हे बारीक चरे अलीकडचे आहेत. बाकी काच उत्तम राहिलीय. इतकी वर्षं रोज कुणीतरी नीट धुतलीय."

"मीच," म्हणणार होते. तोंडातच राहिलं.

घरी आले ती तडक बेसिनपाशी. खिळ्याला दोन फडकी वाळून कडक झाली होती. एक त्यांच्या धोतराचं. दुसरं माझ्या जुन्या पातळाचं. मी मेली ते जादाचं समजत होते. मी लोळत ओरडत असताना हा माणूस रोज दोन चष्मे धूत होता आणि एक गुपचूप माझ्या उशाशी ठेवत होता. एकदा तरी सांगायचं होतं हो!

संध्याकाळी मुलाला फोन केला, "डोळे ठणठणीत आहेत माझे. मी इथंच राहणार." तो बरं म्हणाला. मला हवं होतं तेच झालं होतं, आणि फोन ठेवल्यावर घर खायला उठलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, नळ सोडला, साबण लावला, चष्मा धुतला आणि पातळाच्या फडक्यानं टिपला. आतून कुणी ओरडलं नाही. एका चष्म्याला खरंच फार थोडं पाणी लागतं.