शेठची उघडी गाडी आणि आमची कानबाई

मी आजवर एकाच मोटारीचं परीक्षण केलं आहे आणि त्या परीक्षणात ती ताशी तीन किलोमीटरच्या वर गेली नाही.

पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये मी रंगखात्याचा मास्तर. कुठल्या कापडावर कुठला रंग चढेल, एवढंच मला खरं तर कळतं. पण चहाच्या टपरीवर मी मोटारींबद्दल इतका ठासून बोलतो, की आमच्या गुजराती शेठचा गैरसमज झाला! त्यांच्याकडे एक छोटी परदेशी गाडी होती, टपाची घडी होणारी. जन्म दोन हजार पाच सालचा, पण तोंडवळा आजोबांच्या तरुणपणातला. बटाट्याएवढे वाटोळे दिवे, वर चकचकीत भुवया, आणि मागची सीट दोन सडपातळ पाहुण्यांपुरती. शेठला ती विकायची होती. सोमवारी चारला अडाजणहून गिऱ्हाईक येणार होतं.

"मास्तर, तमे गाडीनो सरस व्हिडिओ बनावो," शेठ म्हणाले. "चार वागे गाडी पाछी! अने एक पण स्क्रॅच पड्यो, तो मंगळवारथी मिलमां आवता नहीं!"

शहाण्या माणसाने मग गाडी मिलच्या आवारातच फिरवली असती. मी ती आमच्या गल्लीत नेली. (शेजाऱ्यांना दिसायला नको?)

मोबाइल समोर अडकवला, चित्रण सुरू केलं आणि गल्लीच्या तोंडाशी थांबून बोलायला लागलो, "नमस्कार मित्रांनो! आता मी हे बटण दाबतो, आणि बघा, पंधरा सेकंदांत टप..." टप उघडला आणि समोर सुमनफुई उभी!

सुमनफुई म्हणजे माझी आत्या. तिच्या डोक्यावर पाट, पाटावर नथ-पातळ ल्यालेली कानबाई, मागे गल्लीतल्या तीसेक बायका आणि ढोलवाले. श्रावणातला सोमवार! आम्ही खान्देशी माणसं या दिवशी देवीला वाजतगाजत नदीवर नेतो. सकाळी घरात सगळे त्याच गडबडीत होते, आणि मी तेवढा वेळ आरशासमोर 'नमस्कार मित्रांनो'चा सराव करत होतो. देवीसाठी सांगितलेला टेम्पो ऐन वेळी बंद पडला होता. फुईची नजर गाडीवरून फिरली.

"हाई गाडी उघडी शे का?"

"हो, पण फुई, ही शेठची..."

"उघडी शे ना? मंग काय!"

आणि पाट मागच्या सीटवर! अगदी मापात बसला, हे गाडीच्या बाजूने नमूद करायला हवं.

"फुई, उतरव गं देवीला. मला चारला गाडी परत द्यायचीय."

"वेडा शे का तू? एकदा बठनी म्हंजे आते उचलानं नही. डायरेक्ट तापी!"

आमच्या घरची रीतच तशी, वाटेत देवी खाली ठेवायची नाही. बारा वाजले होते. तापीचा ओवारा, म्हणजे घाट, सात-आठ किलोमीटर लांब. गाडीने वीस मिनिटं. पण पुढे फुगड्या घालणाऱ्या तीस बायका असल्या, की तो हिशोब तापीतच सोडून द्यावा.

मिरवणूक निघाली. डिकीत देवीच्या नैवेद्याच्या रोटांचे दोन डबे कोंबले आणि डिकी संपली. आरशापासून टपाच्या सांध्यापर्यंत झेंडूच्या माळा लागल्या. फुईने बॉनेटवर हळदीची पाच बोटं ओढली. (रंगखात्याचा माणूस म्हणून सांगतो, हळद सहजासहजी निघत नाही.) क्लचवर ठेवून ठेवून माझा डावा पाय लटलटायला लागला. दर दोन मिनिटांनी मी घड्याळ बघत होतो आणि दर तीन मिनिटांनी खिशातल्या दुसऱ्या मोबाइलवर शेठचा फोन येत होता.

"मास्तर, गाडी क्यां छे?"

"रस्त्यावरच आहे शेठ! काय पिकअप आहे!"

मागून ढोल वाजत होता. त्यांना तो इंजिनाचा आवाज वाटला असावा, अशी मी मनाची समजूत घातली.

उधना दरवाजाजवळ सर आली. मी घाईघाईने बटण दाबलं. टप मागून उठला, अर्ध्यावर आला आणि सांध्यात झेंडूची माळ अडकून तिथेच थबकला. ना वर, ना खाली. खरं सांगतो, मला रडू येत होतं.

"बरं जयं!" फुई खूश. "मंडप बी लागना!"

आमच्यामुळे रस्ता तुंबला होता. तुंबलेल्या गाड्यांतल्या एकीतून दोन माणसं तरातरा उतरली. एक शेठ, मला हुडकायला निघालेले. दुसरं, वेळेआधीच आलेलं ते अडाजणचं गिऱ्हाईक! पावणेचार झाले होते. मी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला.

"मास्तर!" शेठ गरजले. या आवाजाने आमची अख्खी मिल गप्प होते.

"ओ भाऊ!" फुई त्याहून मोठ्याने गरजली. "देवीसमोर बूट घालीसन? काढ आधी!"

आणि शेठने, भर रस्त्यात, चिखलात, स्वतःच्याच गाडीसमोर बूट काढले! गिऱ्हाइकानेही काढले. त्याने स्टिअरिंगकडे बोट दाखवून हळूच विचारलं, "जरा चलावी जोऊं?"

"तापी येवापावत कोनी हात लावानं नही!" फुईने निकाल दिला.

मग शेठ आणि गिऱ्हाईक, दोघेही हातात बूट घेऊन ओवाऱ्यापर्यंत गाडीमागून चालत आले. विसर्जन झालं. शेठने गाडीभोवती एक फेरी मारली. हळद, झेंडू, रोटाचा चुरा, अर्धा टप. मी डोळे मिटून विचारलं, "शेठ, मंगळवारी येऊ ना?"

उत्तर येण्याआधी त्यांना घरून फोन आला. शेठाणींना बातमी पोचली होती. त्यांचा आवाज मला चार हातांवरून ऐकू आला, "माताजी बेठां एमां! हवे ए गाडी वेचाय?"

देवी बसलेली गाडी कुणी विकतं का, या एका प्रश्नावर गाडी विकली गेली नाही. माझी नोकरी टिकली, कामात मात्र थोडी भर पडली. गाडी आता मिलच्या फाटकाशी उभी असते आणि रोज सकाळी तिला उदबत्ती लावायचं काम माझ्याकडे आहे. अनवाणी.

समोर अडकवलेल्या मोबाइलवर चित्रण मात्र सगळा वेळ चालूच होतं. मी तो व्हिडिओ हौसेने टाकला. साडेचार तासांच्या त्या परीक्षणाखाली आजवर एकच अभिप्राय आला आहे, सुमनफुईचा: "गाडी चांगली शे. डायवर बदला."