टोपीवरचं दार
जर्मनीत डार्मश्टाटला माझ्या पीएचडीचा विषय होता रेनेसाँच्या काळातला एका राजाचा लाडका दरबारी. राजा मेला आणि दरबारात याच्याकडे कुणी ढुंकून बघेना. ते प्रकरण लिहिताना मला त्याचाच राग यायचा. चार माणसं जोडून ठेवायला काय झालं होतं याला?

मी स्वतः आमच्या प्रोफेसरांची लाडकी होते. रोज बारा वाजता बाकीचे सगळे मेन्झात, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये, जेवायला निघायचे आणि मलाही हाक मारायचे. मी मात्र डबा घेऊन सरांच्या खोलीत जायचे. पुढे बाकीच्यांची हाक थांबली, तेही माझ्या लक्षात आलं नाही.

माझ्या तोंडी परीक्षेच्या दोन महिने आधी सर वारले.

इथे पीएचडी झाली की सहकारी आपल्यासाठी पुठ्ठ्याची टोपी बनवतात आणि तिच्यावर आपल्या आवडीनिवडी, फजित्या चिकटवतात. माझ्या आधीच्याच्या टोपीवर सायकल, मांजर, करपलेला केक, काय काय होतं! माझीही टोपी त्यांनी नीटनेटकी केली होती. तिच्यावर एकच फोटो होता, सरांच्या खोलीच्या बंद दाराचा.

"सॉरी," त्यांच्यातली एक ओशाळून म्हणाली, "तुझ्याबद्दल आम्हाला दुसरं काही माहीतच नव्हतं."