सोमीबाईचे मागणे

ज्याच्या मौनातही करुणा असते, त्या स्वर्गस्थ पित्याला वंदन करून हे लिहावयास बसलो आहे. जव्हारच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीतील सोमीबाई प्रभूकडे गेली, त्याला या रविवारी वर्ष पूर्ण होते. ज्यांनी तिला पाहिले नाही, त्यांच्यासाठी तिची ही ओळख.

सोमीबाई वांगणीजवळच्या एका पाड्यावरची. दर रविवारी ती एसटीने जव्हारला येई. उपासनेत प्रार्थनेच्या विनंत्या विचारल्या, की पदर सावरून उभी राही आणि एकच वाक्य म्हणे, "माझा लहानू घरी येऊ दे." लहानू तिचा एकुलता एक मुलगा. गुजरातच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या बोटीवर तो खलाशी होता. सागरी हद्द ओलांडली म्हणून ती बोट पकडली गेली आणि सारे खलाशी परक्या देशाच्या तुरुंगात पडले. पहिल्या वर्षी त्याचे एक पत्र आले. पुढे काहीच नाही. सुटलेल्यांच्या याद्या दोनदा आल्या. दोन्हींत त्याचे नाव नव्हते.

वर्षे लोटली, तशी मंडळी तिच्या विनंतीला नुसती मान हलवू लागली. एकदा तहसील कचेरीत काम करणारे एक गृहस्थ थट्टेने म्हणाले, "सोमीबाई, देवाला आता हे पाठ झालं असेल."

"पाठ झालां तं बरांच, दादा," ती म्हणाली. "रेशनकार्डाचां तुमाला सात वेला सांगलां, तरी तुमी इसरता."

सारी सभा हसली. त्या आठवड्यात तिच्या रेशनकार्डाचे काम झाले.

पाड्यावर रेंज नसे, म्हणून तिने सर्व कचेऱ्यांत माझा फोन नंबर दिला होता. मी निवृत्त संस्कृत शिक्षक. मला फोन क्वचितच येई. परंतु तेव्हापासून अनोळखी क्रमांक दिसला, की मी तो उचलायला कचरे. प्रार्थना ती करी आणि उत्तराची धास्ती मी बाळगी. हे मी तिला कधी सांगितले नाही.

आवणीच्या दिवसांत, भाताची रोपे लावण्याची घाई असताना, एका सकाळी तो फोन आला. त्या बोटीवरचा एक खलाशी तुरुंगात मरण पावला होता. आमच्या भागातले दोघे त्या बोटीवर होते, लहानू आणि काळू. मृत त्यांपैकीच एक; कोण, ते उद्या सकाळी निश्चित कळेल, असे पलीकडचा अधिकारी म्हणाला. काळूची आई जानकी मोखाड्याकडच्या एका पाड्यावर राहते, एवढेच मला ठाऊक होते.

मी वांगणीची गाडी धरली. वाटभर एकच प्रार्थना ओठांवर होती: प्रभो, तो लहानू नसावा. घाटाच्या प्रत्येक वळणावर ती पुन्हा म्हणत होतो, आणि तिच्यात काही वावगे आहे, असे मला एकदाही वाटले नाही.

सोमीबाई चिखलात वाकून रोपे लावीत होती. मला बांधावर पाहताच तिच्या हातातली रोपांची मूठ गळून पडली.

"गुरुजी, तुमी कायतरी सांगाया आलेत. सांगा मंग."

मी सांगितले. ती बांधावर बसली. मी म्हणालो, "सोमी, प्रार्थना करू. तो लहानू नसू दे, असं मागू."

तिने माझ्याकडे पाहिले. "तां नको, गुरुजी."

"का?"

"दोनच पोरं ना? माझा नाय, म्हंजे जानकीचा. असां कसां मागू मी? तीबी तिकडं हेंच मागत आसंल. मंग देवानं काय करावां?"

आयुष्यभर इतरांना शास्त्रवचनांचे अर्थ सांगत आलो होतो; आता मीच तिला विचारले, "मग काय मागू?"

"मना भ्या वाटतं, एवढांच सांगा त्याला."

तेवढेच सांगितले. माझेही भय त्यात होते.

त्याच दिवशी ती माझ्याबरोबर जव्हारला आली. माझ्या पत्नीने पुढे ठेवलेले ताट तिने तसेच परत केले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. माझा हात पुढे होईना. तिनेच तो उचलून माझ्या हातात दिला.

"घ्या. न घेतल्यानं बातमी बदलायची नाय."

मृत काळू होता. "प्रभूची स्तुती असो!" माझ्या तोंडून मोठ्याने निघाले. सोमीबाईचे डोळे भरून वाहत होते, तरी तिने बोट ओठांवर ठेवले.

"हलू बोला, गुरुजी. तिकडं जानकी रडत आसंल."

दुपारच्या गाडीने ती मोखाड्याकडे गेली. जानकीच्या घरची आवणी दुःखाने थांबली होती. राबात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, लावणीला आलेली रोपे तशीच उभी होती. तीन दिवस सोमीबाईने जानकीचे भात लावले. तिची स्वतःची आवणी मात्र त्या वर्षी मागे पडली आणि पीक हलके आले.

लहानू अद्याप परतलेला नाही. तो जिवंत आहे की नाही, हेही आम्हांस कळलेले नाही. शेवटच्या आजारात मी तिच्या उशाशी बसलो होतो. पुष्कळ वर्षे मनात दडवलेला प्रश्न तेव्हा भीतभीत विचारला, "सोमी, तो ऐकत नाही, असं कधी वाटलं?"

"वाटलां ना," ती म्हणाली. "वाटलां का त्यालाच जाऊन सांगलां, तू आयकत नाय म्हून. दुसऱ्या कोणाला सांगू?"

चार दिवसांनी ती गेली. लहानूसाठीची प्रार्थना आता मी करतो. तिच्यासारखी निधड्या छातीने नव्हे. घाबरतच करतो, आणि घाबरलो आहे, हेही त्याला सांगतो.

वाचकहो, आपल्या घरचे कोणी दूर असेल आणि त्याची वार्ता नसेल, तर आपले भय जसेच्या तसे त्या पित्यापुढे ठेवण्याचे बळ तो आपणांस देवो. आपल्या लेकराबाळांचे येणेजाणे तो राखो. आणि जोवर वाट पाहणे आहे, तोवर आपल्या घरात कोणालाही एकट्याने वाट पाहावी न लागो.