सुतकातली नोट

गोंदियाला उतरलो तेव्हाच ठरवलं होतं, कुणावर विश्वास ठेवायचा नाही. बँकेच्या कॅश काउंटरवर हयात गेली. आधी नोट उजेडात धरायची, मग माणसाकडे बघायचं, ही सवय. निवृत्तीनंतर जुन्या नोटा जमवायचा नाद लागला. गोंदिया जिल्ह्यातल्याच प्रतापगडाजवळच्या एका गावातून सिंधूताई नावाच्या शेतकरी बाईंचा फोन आला होता : घरात इंग्रजांच्या काळातली नोट आहे, बघून जा. असे फोन फार येतात. बहुतेक नोटा चहात बुडवून जुन्या केलेल्या असतात.

अर्जुनीकडच्या बसमध्ये खिडकी मिळाली. बाहेर धानाच्या बांध्या (भातखाचरं), मधूनच एखादी बोडी (लहान तळं). शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "कोनाकडं जाऊन राहिले?" मी नाव सांगितलं तसे ते हसले. "हां, नकलीवाल्याईकडं!"

माझा हात आपोआप खिशातल्या पाकिटावर गेला.

सिंधूताईंनी ओसरीवर बसवलं, लाखोरीच्या डाळीचे गरम वडे पुढे ठेवले आणि आधी माझं ओळखपत्र मागितलं. फोटो आणि चेहरा दोनदा ताडून पाहिला. मग कापडाच्या घडीतून नोट काढली. मला दिली, पण एक कोपरा स्वतःच्या चिमटीतच ठेवला. मी भिंग लावलं. दहा रुपयांची नोट, पिवळट डागांची, मागची बाजू कोरी. चहाच, मी मनात म्हटलं.

"माह्या मालकाचे पणजोबा रंगूनले गेले होते, धानाच्या गिरणीत," त्या सांगू लागल्या. "वापस येताना बंदरावर दहा दिवस सुतकात होते."

"कोण वारलं होतं?"

"कोनी नाई. प्लेग होता. बाहेर जाऊ देत नव्हते, कोनाले शिवू देत नव्हते. मंग सुतकच झालं ना! कपडे, चिठ्ठ्या, हे नोट, सारं गंधकाच्या धुरात धरलं. म्हनून पिवळी हाय. घरी आल्यावर दुकानदारानं घेतली नाई, नकली म्हनून फेकली. तवापासून आमी नकलीवाले."

ऐकायला झकास गोष्ट होती, म्हणूनच मला जास्त संशय आला. मी नोट उन्हाकडे धरली, त्याही कोपऱ्यासह वर सरकल्या. आणि कागदाच्या पोटातलं जलचिन्ह स्पष्ट दिसलं. खाली इंग्रजीत छापलं होतं, रंगून. अस्सल!

पण सवयीची जीभ बोलून गेली, "जरा शंका वाटते." असं म्हटलं की भाव उतरतो.

भाव कुणी काढलाच नाही. सिंधूताईंचा चेहरा पडला. "म्हंजे ते नकलीच होते? मरेपर्यंत कोनाच्या दुकानाची पायरी नाई चढले ते."

त्या नोटेबद्दल बोलत नव्हत्या. मला स्वतःची लाज वाटली.

"नाही ताई," मी घाईने म्हणालो, "मी खोटं बोललो. नोट खरी आहे. तेव्हा नोटा एकाच बाजूने छापत. आणि ही रंगूनची. त्या काळी एका भागाची नोट दुसऱ्या भागात कुणी घेईलच असं नव्हतं. दुकानदाराने परत केली असेल, पण तुमच्या मालकांचे पणजोबा खोटे नव्हते."

त्यांनी पदराने डोळे पुसले. "विकाची नाई मले. एवढंच इचाराचं होतं. आता लिहून द्या."

मी लिहिलं, खाली सही केली. सिंधूताईंनी तो कागद घेतला, अंगणात गेल्या आणि दोन्ही हातांनी उन्हाकडे धरला.

"काऊन हो ताई?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"एकदा खोटं बोलले ना तुमी."

परतीच्या गाडीत पाकीट जसंच्या तसं खिशात होतं. इतकी वर्षं मी लोकांना उजेडात धरलं. मला कुणी धरलं नव्हतं. कागद बराच वेळ निरखून त्यांनी तो नोटेच्या घडीत ठेवला होता, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला होता.